गिटारच्या ट्यूब ॲम्पला किती ओहमचा स्पीकर लावायचा? चुकला तर नेमकं काय बिघडतं?

समजा, एखाद्या गिटारवादकाने बरेच महिने पैसे साठवून सेकंडहँड ट्यूब ॲम्प घेतला. ॲम्पचं हेड एकाकडून मिळालं, स्पीकरचं कॅबिनेट दुसऱ्याकडून. घरी आणून जोडायला बसला, तर हेडच्या पाठीमागे स्पीकरसाठी तीन जागा आणि त्यावर तीन आकडे : ४, ८ आणि १६. कॅबिनेटच्या मागे एकच आकडा, तोही पुसट झालेला.

साउंडचं काम करणारा मित्र सांगतो, "कमी ओहम म्हणजे जास्त आवाज." दुसरा सांगतो, "ओहम जास्त असले की ॲम्प सेफ राहतो." तिसरा म्हणतो, "मुद्दाम चुकीचं जोडलं की टोन भारी येतो."

गंमत म्हणजे तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण पहिल्या दोघांचा अनुभव ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्पचा आहे. तोच नियम ट्यूब ॲम्पला लावला, तर त्यातला एक महागडा भाग जळू शकतो. तिसऱ्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

हे ओहमचं प्रकरण नेमकं काय आहे, जोडणी का जुळवायची आणि तिचा टोनशी किती संबंध आहे, हे समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- ट्यूब ॲम्पच्या ज्या जागेवर जितके ओहम लिहिलेले असतील, तितक्याच ओहमचा स्पीकर किंवा कॅबिनेट जोडावं.
- स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प वाजवणं सगळ्यांत धोकादायक.
- जास्त ओहमचा स्पीकर लावला की व्होल्टेज वाढतं आणि ट्रान्सफॉर्मर धोक्यात येतो. कमी ओहमचा लावला की करंट वाढतो आणि ट्यूब लवकर झिजतात.
- ४, ८ आणि १६ यांपैकी कोणताच आकडा टोनसाठी 'चांगला' किंवा 'वाईट' नसतो. फरक पडतो तो जुळण्याने आणि स्पीकरच्या मॉडेलने.

ओहम म्हणजे काय आणि इम्पिडन्स म्हणजे काय?

शाळेत विज्ञानाच्या तासाला 'विद्युत रोध' शिकवतात. तारेतून वीज जाताना जो अडथळा होतो तो रोध, आणि तो ओहममध्ये मोजतात. बॅटरीसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी ही कल्पना पुरेशी आहे.

स्पीकरला मिळणारी वीज मात्र सतत दिशा बदलत असते. गिटारची जाडी तार सैल वाजवली, तर ती सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते. स्पीकरमधली विजेची दिशाही त्याच वेगाने बदलते. स्पीकरच्या आत तारेचं वेटोळं असतं. ते चुंबकाच्या फटीत पुढे-मागे हलतं आणि त्याला चिकटलेला कागदी पडदा हवा ढकलतो. अशा वेटोळ्याचा अडथळा सुराप्रमाणे बदलतो. बदलत्या विजेला होणाऱ्या या एकूण अडथळ्याला इम्पिडन्स म्हणतात. तोही ओहममध्येच मोजतात.

म्हणूनच ८ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर लावला, तर ८ ऐवजी साधारण ६ ते ७ ओहम दिसतात. स्पीकर खराब नसतो. मल्टिमीटर फक्त तारेचा रोध मोजतो, इम्पिडन्स नाही.

ट्यूब ॲम्पमध्ये ट्रान्सफॉर्मर का असतो?

घरात जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पाहिलेल्यांना आठवत असेल. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा. ट्यूब म्हणजे तोच व्हॉल्व्ह. रेडिओतून आणि टीव्हीतून तो केव्हाच गेला, पण गिटारच्या ॲम्पमध्ये आजही टिकून आहे. जोरात वाजवल्यावर त्याचा आवाज ज्या पद्धतीने फाटतो, ती गिटारवादकांना आवडते.

पण ट्यूबचा आणि स्पीकरचा स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट. ट्यूब शेकडो व्होल्टवर काम करते, पण तिच्यातून करंट अगदी थोडा जातो. स्पीकरला मोजके व्होल्ट पुरतात, पण करंट भरपूर लागतो. दोघांना थेट जोडलं, तर स्पीकरपर्यंत ताकद पोहोचतच नाही.

या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. ट्यूबकडच्या वेटोळ्याला जास्त वेढे, स्पीकरकडच्या वेटोळ्याला कमी. व्होल्टेज उतरतं, करंट चढतो.

सायकलच्या गिअरचं उदाहरण घेतलं तर हे लवकर लक्षात येईल. पाय म्हणजे ट्यूब, रस्त्यावरचं चाक म्हणजे स्पीकर आणि मधला गिअर म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गिअर रस्त्याला जुळला की पायांची ताकद चाकापर्यंत नीट पोहोचते. फार जड गिअरवर चढ चढायला गेलं तर पाय भरून येतात. फार हलक्या गिअरवर पाय भराभर फिरतात, पण सायकल पुढे जात नाही. आणि चेन निसटली तर पाय एकदम मोकळे सुटतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ट्रान्सफॉर्मरला स्वतःचे 'ओहम' नसतात. त्याला फक्त प्रमाण असतं. पलीकडे जो स्पीकर लावाल, त्याचे ओहम तो ठरावीक पटीने वाढवून ट्यूबला दाखवतो. स्पीकर बदलला की ट्यूबवरचा भार बदलतो.

एका खऱ्या ॲम्पचं गणित

फेंडर कंपनीचा 'डिलक्स रिव्हर्ब' हा १९६३ मध्ये आलेला अमेरिकन ॲम्प. त्यात '६व्ही६' जातीच्या दोन पॉवर ट्यूब, १२ इंची एक स्पीकर आणि सुमारे २२ वॅट ताकद. स्पीकर ८ ओहमचा.

अशा दोन ट्यूबच्या जोडीला साधारण ६,६०० ओहमचा भार मानवतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मरने ८ ओहमचे ६,६०० ओहम करून दाखवायचे, ८२५ पट. ओहमची पट ही वेढ्यांच्या प्रमाणाच्या वर्गाइतकी असते. त्यामुळे वेढ्यांचं प्रमाण येतं सुमारे २८.७ ला १.

आता २२ वॅट ताकदीचं काय होतं ते पाहा :

- ट्यूबच्या बाजूला : सुमारे ३८० व्होल्ट आणि ०.०५८ अँपिअर
- स्पीकरच्या बाजूला : सुमारे १३ व्होल्ट आणि १.७ अँपिअर

ताकद तीच, फक्त तिचं रूप बदललं. (प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मरमध्ये थोडी ताकद उष्णतेत जाते, ती इथे धरलेली नाही.)

याच ॲम्पला वेगळा स्पीकर लावला तर ट्यूबना काय दिसेल?

- ४ ओहम : ३,३०० ओहम
- ८ ओहम : ६,६०० ओहम
- १६ ओहम : १३,२०० ओहम

बाहेरून पाहता फरक ४, ८ आणि १६ असा किरकोळ वाटतो. आत ट्यूबवरचा भार मात्र निम्मा किंवा दुप्पट झालेला असतो.

ज्या हेडवर ४, ८ आणि १६ अशा तीन जागा असतात, तिथे स्पीकरकडच्या वेटोळ्यातून तीन ठिकाणी तारा बाहेर काढलेल्या असतात. ४ च्या जागेवर ४ ओहमचं कॅबिनेट लावलं काय किंवा १६ च्या जागेवर १६ चं लावलं काय, ट्यूबना भार सारखाच दिसतो. त्यामुळे '१६ ला लावलं की जास्त पॉवर' किंवा '४ ला लावलं की जास्त आवाज' हे दोन्ही गैरसमज.

चुकीचा स्पीकर लावला तर?

_ओहम जास्त झाले :_ समजा ८ च्या जागेवर १६ ओहमचं कॅबिनेट लावलं. हा झाला हलका गिअर. करंट कमी होतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या वेटोळ्यात व्होल्टेजचे झटके वाढतात. तारेवर इन्शुलेशन म्हणून असलेला पातळ थर आणि ट्यूबचं सॉकेट यांना ते झेलावे लागतात. ॲम्प मंद आवाजात वाजवला तर बहुधा काहीच होत नाही. पूर्ण आवाजात वाजवला तर धोका वाढत जातो.

_ओहम कमी झाले :_ ८ च्या जागेवर ४ ओहमचं कॅबिनेट म्हणजे जड गिअर. ट्यूबमधून जास्त करंट ओढला जातो, त्या जास्त तापतात आणि लवकर झिजतात. ट्यूब बदलता येतात, त्यामुळे बरेच दुरुस्ती करणारे या दोन चुकांमध्ये ही चूक कमी वाईट मानतात. पण कमी वाईट म्हणजे बरोबर नव्हे.

_काहीच जोडलं नाही :_ ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणजे चेन निसटलेली सायकल. ट्यूब ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा ढकलत राहतात, पण ती बाहेर पडायला वाट नसते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा मग मोठ्या व्होल्टेजच्या रूपाने उसळते. सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्शुलेशन फुटतं. एकदा ते फुटलं की ट्रान्सफॉर्मर बदलण्याशिवाय पर्याय उरत नाही.

ही चूक घडते ती बऱ्याचदा चांगल्या हेतूने. रात्र झाली, शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून स्पीकरची वायर काढायची आणि ॲम्पच्या लाइन-आउटमधून थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचं. ऐकू काहीच येत नाही, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण लाइन-आउट वापरलं म्हणून स्पीकरची गरज संपत नाही. अपवाद फक्त अशा ॲम्पचा, ज्याच्या आतच स्पीकरऐवजी भार घेणारी सोय दिलेली असते आणि मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

फेंडरच्या अनेक ॲम्पमध्ये यावर एक साधा उपाय केलेला असतो. मुख्य स्पीकरची पिन काढली की तो जॅक आपोआप दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकतो. थोड्या वेळासाठी हे मोकळ्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा बरं. म्हणूनच अशा ॲम्पवर मुख्य जॅक रिकामा ठेवून फक्त दुसऱ्या, म्हणजे एक्स्टेन्शन जॅकमध्ये स्पीकर लावला, तर आवाजच येत नाही. ॲम्प बिघडल्याची शंका येते, पण चूक जॅकची असते.

मग साउंडवाल्याचं म्हणणं चुकीचं कसं?

चुकीचं नाही. ते वेगळ्या यंत्राबद्दल आहे.

मिरवणुकीत, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा स्टेजवर दिसणारे पॉवर ॲम्प ट्रान्झिस्टरचे असतात. बहुतेकांमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसतो. ते स्पीकरला ठरावीक व्होल्टेज देतात आणि करंट किती ओढायचा ते स्पीकरवर सोडतात. ओहम निम्मे केले की करंट वाढतो आणि ताकदही वाढते. म्हणून 'कमी ओहम, जास्त आवाज'. पण कंपनीने सांगितलेल्या किमान ओहमच्या खाली गेलं की ॲम्प तापतो, बंद पडतो किंवा जळतो. म्हणून 'जास्त ओहम सेफ'. आणि स्पीकर लावलाच नाही, तर करंट वाहतच नाही, त्यामुळे ॲम्पला सहसा काही होत नाही.

ट्यूब ॲम्पचं तसं नाही. त्याचा ट्रान्सफॉर्मर ठरावीक भारासाठी बनवलेला असतो. ओहम वाढवा किंवा कमी करा, स्पीकरपर्यंत पोहोचणारी ताकद साधारणपणे दोन्ही बाजूंनी घटतेच. आणि स्पीकर न लावणं, जे ट्रान्झिस्टर ॲम्पला निरुपद्रवी, तेच इथे सगळ्यांत घातक.

८ ओहमचा स्पीकर ८ ओहमचा का नसतो?

आता टोनकडे वळूया. स्पीकरवर लिहिलेला आकडा हा ठोकताळा असतो. 'आयईसी ६०२६८-५' या आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पीकरचा इम्पिडन्स कुठल्याही सुरावर लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरने ६.४ ओहमच्या खाली उतरायचं नाही. वर किती जावं, याला तशी मर्यादा नाही.

आणि तो वर जातोच. १२ इंची गिटार स्पीकरचा पडदा ज्या सुरावर आपोआप सर्वाधिक हलतो, तो सूर साधारण ७० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे ८ ओहमच्या स्पीकरचा इम्पिडन्स कित्येक पटींनी वाढतो. त्यानंतर तो उतरतो आणि काही शे हर्ट्झवर लिहिलेल्या आकड्याच्या जवळ येतो. वरच्या, म्हणजे तीक्ष्ण सुरांकडे जाताना वेटोळ्याच्या स्वभावामुळे तो पुन्हा चढत जातो.

ट्रान्झिस्टर ॲम्पला या चढउताराचा फरक पडत नाही, कारण तो व्होल्टेज घट्ट धरून ठेवतो. ट्यूब ॲम्पची पकड सैल असते. जिथे स्पीकरचा इम्पिडन्स वाढतो, तिथे ट्यूब ॲम्पचं व्होल्टेजही वाढतं. परिणामी खालचे सूर जरा भरदार होतात, वरच्या सुरांना धार येते. ट्यूब ॲम्पचा आवाज 'जिवंत' वाटतो, असं वादक म्हणतात. त्यामागचं हे एक मोठं कारण.

ही पकड किती सैल असावी, हे ॲम्पच्या रचनेवर ठरतं. आउटपुटमधला थोडा सिग्नल उलटा फिरवून मागे नेला की पकड घट्ट होते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. व्हॉक्सच्या 'एसी३०' मध्ये पॉवर ट्यूबभोवती असा फीडबॅक नाही, त्यामुळे त्याच्या आवाजात स्पीकरचा स्वभाव जास्त उतरतो. फेंडर आणि मार्शलच्या बऱ्याच ॲम्पमध्ये तो असतो, त्यामुळे त्यांचा आवाज तुलनेने आवरलेला राहतो.

थोडक्यात, ट्यूब ॲम्पचा टोन ॲम्प आणि स्पीकर मिळून घडवतात.

मुद्दाम चुकीचं जोडलं तर टोन सुधारतो का?

बदलतो, हे खरं. ओहम जास्त झाले की ताकद कमी पडते, ट्यूब लवकर फाटायला लागतात आणि खालचे सूर थोडे पातळ होतात. ओहम कमी झाले की आवाज थोडा मऊ होतो आणि वरची धार कमी होते. काही वादकांना यातला एखादा बदल आवडतो.

पण हा बदल मिळवण्यासाठी जी किंमत मोजावी लागू शकते, तिच्या मानाने तो लहान असतो. ॲम्पवरचं टोनचं बटण थोडं फिरवलं किंवा स्पीकरचं मॉडेल बदललं, तर याहून मोठा फरक पडतो.

कंपनीने मुभा दिली असेल, तर गोष्ट वेगळी. डिलक्स रिव्हर्बवर बाहेरच्या स्पीकरसाठी दुसरा जॅक असतो. तो पहिल्याला समांतर जोडलेला असतो. त्यात आणखी एक ८ ओहमचा स्पीकर लावला की एकूण ४ ओहम होतात, आणि हा ॲम्प ते सहन करेल असंच बनवलेला असतो. फेंडरचे ॲम्प दुप्पट-निम्म्याचा फरक सहसा झेलतात, असा लौकिक आहे. तेवढ्यावरून दुसऱ्या कुठल्याही ॲम्पला गृहीत धरू नये. मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तेच प्रमाण.

दोन, चार स्पीकर जोडले तर किती ओहम होतात?

इथे शाळेतलं 'एकसर' आणि 'समांतर' जोडणीचं गणित जसंच्या तसं कामाला येतं.

- ८ ओहमचे दोन, एकसर : १६ ओहम
- ८ ओहमचे दोन, समांतर : ४ ओहम
- १६ ओहमचे दोन, समांतर : ८ ओहम
- १६ ओहमचे चार, दोन-दोन एकसर करून त्या जोड्या समांतर : १६ ओहम
- ८ ओहमचे चार, समांतर : २ ओहम

वेगवेगळ्या ओहमचे स्पीकर एकत्र करणं टाळावं. ८ आणि १६ समांतर जोडले तर एकूण ५.३ ओहम होतात, जे कुठल्याच जागेशी जुळत नाहीत. शिवाय ८ ओहमचा स्पीकर १६ ओहमच्या दुप्पट ताकद खातो.

अमेरिकन आणि ब्रिटिश ॲम्पवरचे आकडे वेगळे का, याचं उत्तरही या जोडणीत आहे. फेंडरच्या १९५० च्या दशकाच्या शेवटच्या 'बेसमन' ॲम्पमध्ये ८ ओहमचे चार १० इंची स्पीकर समांतर जोडलेले होते, म्हणजे २ ओहम. फेंडरच्याच 'ट्विन रिव्हर्ब'मध्ये ८ ओहमचे दोन समांतर, म्हणजे ४. स्पीकर ॲम्पच्याच खोक्यात असल्याने घेणाऱ्याला आकडा पाहायची गरजच पडत नसे.

१९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानातून 'जेटीएम४५' हा ॲम्प आला. त्याचं सर्किट याच बेसमनवर बेतलेलं होतं. पण मार्शलची ओळख झाली ती वेगळं हेड आणि १२ इंची चार स्पीकरचं वेगळं कॅबिनेट या जोडीमुळे. ते कॅबिनेट सहसा १६ ओहमचं. हेड एकाचं, कॅबिनेट दुसऱ्याचं ही सोय त्यातून आली, आणि ओहम जुळवण्याची जबाबदारी वादकावर आली.

हेडवर दोन स्पीकर जॅक असतील, तर ते सहसा समांतर असतात. १६ ओहमची दोन कॅबिनेट लावायची असतील, तर स्विच ८ वर हवा. ८ ओहमची दोन लावायची असतील, तर ४ वर.

चार स्पीकरच्या कॅबिनेटची आणखी एक खबरदारी. दोन-दोनच्या जोड्यांमधला एक स्पीकर जळाला, तर त्याच्या जोडीतला दुसराही गप्प होतो. १६ ओहमचं कॅबिनेट तेव्हा ३२ ओहमचं होतं. कार्यक्रमात आवाज अचानक कमी झाला, तर बटण वाढवण्याआधी ॲम्प बंद करून कॅबिनेट तपासावं.

चांगल्या टोनसाठी ओहमऐवजी काय पाहावं?

_संवेदनशीलता :_ एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो हा आकडा. सेलेस्चन कंपनीच्या 'ग्रीनबॅक' स्पीकरची संवेदनशीलता ९८ डेसिबल, तर 'व्हिंटेज ३०' ची १०० डेसिबल. ॲम्पची ताकद दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात. म्हणजे ९७ ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर लावणं, हे २० वॅटचा ॲम्प ४० वॅटचा करण्यासारखं. आवाज वाढवायचा असेल, तर ओहमशी खेळण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित.

_वॅट :_ ग्रीनबॅक २५ वॅटचा, व्हिंटेज ३० नावात तीस असला तरी ६० वॅटचा. ट्यूब ॲम्प पूर्ण आवाजात फाटतो, तेव्हा लिहिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त ताकद देतो. म्हणून स्पीकरची क्षमता ॲम्पच्या वॅटपेक्षा भरपूर जास्त असावी. ५० वॅटच्या हेडला एकटा ग्रीनबॅक लावणं म्हणजे स्पीकर जाळण्याची तयारी.

_मॉडेल :_ एकच स्पीकर ८ आणि १६ अशा दोन्ही आकड्यांत मिळतो. त्या दोघांच्या आवाजात फार बारीक फरक असतो. दोन वेगळ्या मॉडेलमधला फरक मात्र नवख्यालाही ऐकू येतो. आधी आवाज आवडणारं मॉडेल ठरवावं, मग आपल्या ॲम्पला जुळेल त्या ओहममध्ये ते घ्यावं.

जोडण्याआधी हे तपासा

१. कॅबिनेटवरचा आकडा पुसला असेल, तर त्याला स्पीकरची वायर लावा, दुसरं टोक ॲम्पला न लावता पिनच्या टोकावर आणि दांड्यावर मल्टिमीटर धरा. साधारण ३ ते ३.५ दिसले तर ४ ओहम, ६ ते ७ दिसले तर ८, १२ ते १४ दिसले तर १६. याच्या अधलंमधलं काही दिसलं, तर आतली जोडणी जाणकाराकडून तपासून घ्या.

२. वायर स्पीकरचीच वापरा. गिटारची वायर आणि स्पीकरची वायर, दोघींची पिन सारखीच दिसते. पण गिटारच्या वायरमधली आतली तार बारीक असते. ती जास्त करंटला तापते, तुटते, आणि तुटली की स्पीकर न जोडल्यासारखीच स्थिती होते.

३. स्पीकर आधी जोडा, ॲम्प नंतर सुरू करा. काढताना उलट. वाजत असताना ओहमचा स्विच फिरवू नका.

४. फ्लॅटमध्ये कमी आवाजात वाजवायचं असेल, तर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये लावायचा अटेन्युएटर किंवा स्पीकरऐवजी लावायचा लोड बॉक्स मिळतो. त्याचेही ओहम ॲम्पच्या जागेशी जुळायला हवेत आणि त्याची क्षमता ॲम्पच्या वॅटपेक्षा जास्त हवी.

५. ॲम्पचं खोकं स्वतः उघडू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्होल्टेज असतं. प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहू शकतं आणि जीव घेऊ शकतं. स्पीकर जुळवण्यासाठी लागणारं सगळं बाहेरून, पाठीमागच्या जॅकवरच करता येतं.

सुरुवातीच्या त्या सेकंडहँड हेडचं उत्तर मग सोपं आहे. आधी कॅबिनेट मोजायचं, आकडा आला की त्याच आकड्याच्या जागेत वायर लावायची, आणि ती घट्ट बसली आहे हे पाहूनच ॲम्प सुरू करायचा.